सागवानी डॅशबोर्डसाठी पतसंस्थेचं कर्ज काढू का?

मुक्ताईनगर तालुक्यातल्या एका नाववाल्या भाऊंचं पत्र आलं आहे. चांगदेवला तापी-पूर्णेच्या संगमावर, हतनूर धरणाच्या फुगवट्यात ते बारा माणसांची फायबरची बोट चालवतात. सुकाणूसमोरचा प्लायचा डॅशबोर्ड चार पावसाळ्यांत फुगला. स्विचांच्या भोकांभोवती पापुद्रे सुटले आणि मीटरची एक चौकट हलायला लागली. त्यांनी चार दर काढलेत. घरांची किचनं बनवणारा पीव्हीसी बोर्ड लावून 6,500 सांगतो. भुसावळचा सुतार पाण्यात टिकणाऱ्या मरीन प्लायचे 9,800 म्हणतो. मुंबईहून एचडीपीईची, म्हणजे टणक प्लास्टिकची शीट मागवून बसवायला 15,500 लागतात, आणि सागवानाला 36,000. बचत खात्यात 18,000 आहेत. नव्या इंजिनासाठी 1,10,000 ची ठेव वेगळी ठेवली आहे. पाच वर्षांनी ही बोट विकून मोठी घ्यायचा विचार आहे. भाऊ लिहितात, "एकदाच सागवान लावून मोकळं व्हावं असं वाटतं. पतसंस्था 14 टक्क्यांनी 36,000 द्यायला तयार आहे, दोन वर्षांची फेड. घेऊ का?"

भाऊ, घेऊ नका.

सागवान वाईट म्हणून नाही सांगत. पाण्याला सागवानासारखं लाकूड नाही, हे तुमच्या आजोबांनाही माहीत होतं. पण तुमचा डॅशबोर्ड कशाने गेला ते तुम्हीच पत्रात लिहिलंय: फुगवटा भोकांभोवती आहे, मधली फळी अजून टणक आहे. म्हणजे पाणी वरून शिरलं नाही, कापलेल्या कडेतून शिरलं. प्लाय म्हणजे लाकडाच्या पातळ थरांची चवड. वरून सनमायका किंवा रंग असतो, पण स्विचसाठी भोक पाडलं की आतले सगळे थर उघडे पडतात. त्या कडेला कुणी इपॉक्सीचा, म्हणजे पाणी अडवणाऱ्या राळेचा, एक हातही दिला नव्हता. बिघाड चार-पाचशे रुपयांच्या कामाचा आणि उपाय 36,000 चा, हे मला पटत नाही.

आता कर्जाचा हिशोब. 36,000 वर 14 टक्के, 24 हप्ते, म्हणजे महिन्याला साधारण 1,728 रुपये. व्याजापोटी जवळपास 5,500 जातील. फळी पडली 41,500 ला. पण खरा खर्च पुढेच आहे. लग्नसराईच्या फर्निचरमुळे सुतार तीन आठवडे मागतोय, असं तुम्ही लिहिलंत. पेट्रोल वजा जाता दिवसाला 900 रुपये सुटतात असंही लिहिलंत. एकवीस दिवस बोट काठाला बांधली तर 18,900 रुपये बुडाले. पतसंस्थेच्या व्याजाच्या तिपटीहून जास्त रक्कम नुसती उभं राहण्यात जाते, आणि चार दरांपैकी एकाही कागदावर ती नाही. सागवान एकूण साठ हजारांच्या पुढे गेलं. पाच वर्षांनी बोट विकताना गिऱ्हाईक बुडाला चीर आहे का आणि इंजिन किती तास चाललंय तेच बघणार. डॅशबोर्डचे म्हणून तो वेगळे पैसे देणार नाही.

पीव्हीसी बोर्डाचा विचार सोडून द्या. घरातल्या ओट्याखाली तो चांगला टिकतो. पण आपल्याकडचं ऊन तुम्हाला मी काय सांगायचं! मे महिन्यात सावलीत 45 अंश असतात, तेव्हा उघड्या बोटीवरचा गडद पृष्ठभाग 60 च्या पुढे जातो. पीव्हीसी साधारण 70-80 अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं. वर स्विच आणि मीटरचं वजन, खाली इंजिनचा थरथराट. दोन उन्हाळ्यांत तो वाकेल.

खरी तुलना मरीन प्लाय आणि एचडीपीई यांच्यातच आहे, आणि ती जवळची आहे. एचडीपीई कुजत नाही, पाणी पीत नाही, रंगही लागत नाही. पण उन्हाने ते फार प्रसरण पावतं. एक मीटरच्या तुकड्यात 30 अंशांच्या फरकाने 4 मिलिमीटरच्या आसपास वाढ होते. पौषातली पहाट आणि वैशाखातली दुपार यांत आपल्याकडे याहून जास्त फरक असतो. त्यामुळे भोकं लांबट पाडावी लागतात, बोल्टला मोठे वॉशर लागतात, मागून जादा आधार द्यावा लागतो. सरस किंवा इपॉक्सी त्यावर धरत नाही. हे काम करणारा माणूस आपल्या भागात सहज मिळत नाही, म्हणूनच तुम्हाला दहा दिवस सांगितलेत. 15,500 अधिक बुडालेले 9,000, एकूण 24,500.

प्लायचं काम सहा दिवसांचं, वाळण्यासकट. 9,800 आणि बुडालेले 5,400. दर दुसऱ्या वर्षी पावसाळ्यात बोट काठावर असताना हजार रुपयांचा रंग-इपॉक्सी, म्हणजे पाच वर्षांत दोनदा. बेरीज 17,200. ही बोट तुम्ही बारा वर्षं ठेवणार असता तर माझं उत्तर उलटं आलं असतं, कारण तेवढ्या काळात प्लाय दोनदा करावा लागेल आणि एचडीपीई एकदाच. पण तुम्ही पाच वर्षं म्हणता, आणि मला तो विचार योग्य वाटतो.

म्हणून माझा सल्ला प्लायचा. मात्र जुन्या बिलावर नुसतं "वॉटरप्रूफ प्लाय" लिहिलंय, तसं यावेळी चालवून घेऊ नका. हा शब्द कोणीही कशालाही लावतो. यावलला आमच्या केळीच्या मळ्यात वडिलांनी पंपाचा स्टार्टर असल्याच "वॉटरप्रूफ" फळीवर बसवला होता. दुसऱ्या पावसाळ्यात ती नखाने सोलता यायची. एक दिवस स्टार्टर निसटून लोंबकळला, तेव्हा आईने हात लावायच्या आत मी मेन बंद केला. तो प्रसंग आठवला की अजून धडकी भरते, म्हणून हे एवढं लांबण लावून सांगतोय. शीटवर आयएसआयचा शिक्का आणि "आयएस 710" हा मरीन प्लायचा आकडा बघा. या दर्जाचा डिंक 72 तास उकळत्या पाण्यात टिकतो का, ते तपासलेलं असतं. शिक्क्याजवळ सीएम/एलने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. तो भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपवर घालून खरा-खोटा तिथेच दुकानात कळतो. आयएस 303 चा प्लाय स्वस्तात देतो म्हणाले तरी घेऊ नका, तो घरातल्या फर्निचरचा.

मुंबईवाल्याने 316 दर्जाच्या स्टेनलेस स्टीलचे स्क्रू लागतील म्हणून सांगितलं, ते समुद्रासाठी खरं आहे. खारं पाणी साध्या स्टीलला खातं. तापीचं पाणी गोडं आहे, तिथे 304 दर्जाचं स्टेनलेस पुरे. लोखंडी स्क्रू मात्र एकही नको.

पैसे कुठून? बचत खात्यातून. 9,800 फळीचे आणि 2,200 कॅनव्हासच्या झाकणाचे, जे बोट उभी असताना डॅशबोर्डवर घालायचं. उरलेल्या 6,000 मधून फळी उघडी आहे तोवर मागची जुनी वायरिंग बदला, प्रत्येक स्विचला वेगळा फ्यूज द्या. पेट्रोलच्या टाकीजवळ उघडी वायर असणं मला या सगळ्या हिशोबापेक्षा जास्त काळजीचं वाटतं. इंजिनाच्या ठेवीला हात लावू नका. मुदतीआधी मोडली तर व्याज कापलं जाईल, आणि इंजिन ऐन हंगामात बसलं तर तेव्हा पतसंस्थेच्या दारात जावं लागेल. पत्रात विम्याचा उल्लेख नाही. 2021 च्या अंतर्देशीय जलयान कायद्यात यांत्रिक बोटीला नोंदणी, तपासणी आणि विमा हे तिन्ही सांगितलेलं आहे. तुमच्या बोटीत बारा जीव बसतात. विमा नसेल तर यात्रेच्या कमाईतला पहिला खर्च तोच. बारा लाइफ जॅकेटं धड आहेत का तेही याच आठवड्यात बघा.

बिल जपून ठेवा. पण तुम्ही अंदाजित उत्पन्नाच्या योजनेतून प्राप्तिकराचं विवरण भरत असाल तर या दुरुस्तीची वेगळी वजावट मिळत नाही, त्या आशेवर खर्च वाढवू नका.

महाशिवरात्रीच्या मुक्ताई-चांगदेव यात्रेला अजून दोन महिने आहेत, तेव्हा काम या पंधरवड्यात काढा. सुताराला अगोदरच सांगा की सगळी भोकं आधी पाडायची, मग प्रत्येक कडेला आणि भोकाच्या आतून इपॉक्सीचे तीन हात द्यायचे, मधे वाळू द्यायचं, आणि नंतरच रंग. तो म्हणेल, रंग मारून घेऊ, भोकं बोटीवर बसवताना पाडू, वेळ वाचेल. मागच्या वेळी नेमकं तेच झालं असणार. भोकं पाडायच्या दिवशी गिऱ्हाईक दुसऱ्या बोटीने गेलं तरी चालेल, तुम्ही स्वतः भुसावळला त्याच्यासमोर उभे राहा.