‘आबांना लघवीच्या पिशवीचा कॅन्सर, मग मला आणि पोरांना होईल का?’

वडिलांच्या लघवीच्या पिशवीत कॅन्सर निघाला की मुलगा आधी वडिलांबद्दल विचारतो. स्वतःबद्दलचा प्रश्न तो उठता उठता, दाराशी थांबून विचारतो. अमळनेरकडचे एक शेतकरी, आपण त्यांना भाऊ म्हणू, यांनी मात्र बसल्या बसल्याच विचारलं, “ताई, आबांचंच रक्त ना माझ्यात? मन्हा पोऱ्यासले बी व्हई का?” (ओळख पटू नये म्हणून घरचे तपशील बदलले आहेत.)

सोबत वहिनी होत्या. मोठ्या मुलीला स्थळं येत होती आणि आजोबांचा आजार पाहुण्यांना सांगायचा की नाही, यावरून घरात वाद चालला होता. त्यात कुणीतरी मोबाइलवर थुंकीवरून जीनची, म्हणजे आईवडिलांकडून मुलांत उतरणाऱ्या घटकांची, तपासणी करण्याची जाहिरात दाखवली. कापसाचे पैसे हातात आले की सगळ्या घराची करून घेऊ, असं ठरत आलं होतं.

आबा अडुसष्टीचे. मिसरूड फुटायच्या आधीपासून बिडी. लघवी लाल झाली तेव्हा मे महिना होता, म्हणून उन्हाळी लागली असं धरून धने-जिऱ्याचं पाणी आणि सब्जा सुरू झाला. दुखत काहीच नव्हतं, दोन दिवसांत रंगही निवळला. पोळ्याला परत लाल झाली, परत निवळली. दुर्बिणीच्या तपासणीत गाठ दिसली ती दिवाळीनंतर. आपल्याकडच्या उन्हात हे फार घरांत होतं. न दुखता येणारं रक्त एकदाच येऊन थांबलं, तरी लघवीच्या डॉक्टरांकडे जायलाच हवं.

आजार घराण्यातून आलाय का ते बघायला मी कोरा कागद घेऊन वंशावळ काढायला बसले. पुरुषाला चौकोन, बाईला गोल. भाऊंना आबांचे भाऊ, चुलत आजोबा, पार खापरपणजोबांपर्यंत तोंडपाठ. कागदावर चौकोनच चौकोन. “आत्या?” म्हटलं. “दोन आहेत, पण त्या शहाद्याकडे दिल्या ना.” लेक सासरी गेली की तिचं दुखणं माहेरच्या हिशेबातून जातं, हे मी सतत बघते. जीनला हा हिशेब माहीत नाही. तो मुलीकडेही मुलाइतकाच जातो. वहिनींनी तिथूनच शहाद्याला फोन लावला. दोघी आत्या सत्तरीपुढच्या. एकीला साखर, दुसरीचे गुडघे. मग आबांची आई, मामा, मावश्या. कुणाला मोठ्या आतड्याचा कॅन्सर? गर्भाशयाचा? पन्नाशीच्या आत कुणी गेलं? एक काका तरुणपणी गेले होते, पण ते मोटारीचा शॉक लागून.

हे सगळं विचारण्याचं कारण लिंच सिंड्रोम नावाचा वारशाने उतरणारा दोष. पेशी दुभंगताना डीएनएत राहिलेल्या चुका दुरुस्त करणारे काही जीन असतात: एमएलएच1, एमएसएच2, एमएसएच6, पीएमएस2. यातला एखादा जन्मतः बिघडलेला असला की आतड्याचा आणि गर्भाशयाचा कॅन्सर लहान वयात होऊ शकतो. आणि मूत्रपिंडातून खाली येणाऱ्या नळीचा, म्हणजे मूत्रवाहिनीचाही. एमएसएच2 बिघडलेला असला तर मूत्राशयाला, म्हणजे लघवीच्या पिशवीलाही धोका वाढतो. आई किंवा वडिलांकडे असा बदल असेल, तर प्रत्येक मुला-मुलीत तो उतरण्याची शक्यता निम्मी. नात्यातल्या तिघांना यातले कॅन्सर, दोन पिढ्यांत, आणि निदान एकाला पन्नाशीच्या आत, असं दिसलं की मी लगेच सावध होते. भाऊंच्या कागदावर यातलं काहीच नव्हतं.

मग वारशाचा काहीच भाग नाही का? आहे, पण तो वेगळ्या तऱ्हेचा. बिडी-सिगारेटच्या धुरातली काही विषं रक्तातून लघवीत उतरतात आणि पिशवीत तासन्‌तास साचून राहतात. त्यांतली काही निष्प्रभ करण्याचं काम यकृतात एनएटी2 नावाच्या जीनवर चालतं. काहींत तो जन्मतः मंद असतो, आणि आपल्या देशात असे लोक भरपूर आहेत. मंद असला तर मूत्राशयाच्या कॅन्सरचा धोका साधारण 1.4 पट, आणि तोही मुख्यतः ओढणाऱ्यांत. जीएसटीएम1 नावाचा जीन काहींत मुळातच नसतो. त्याने धोका साधारण दीडपट होतो. धूम्रपानाने मात्र तो तिपटीच्या घरात जातो, आणि या कॅन्सरचे जवळपास निम्मे रुग्ण तंबाखूच्या धुरामुळे झालेले असतात.

भाऊंना मी त्यांच्याच रानावरून सांगितलं: काळ्या रानात पाणी मुरून बसतं, मुरमाड रानातून निघून जातं, पण तुम्ही पाणी सोडलंच नाही तर रान दलदलीचं कशाने होईल? ते जरा गप्प बसले आणि म्हणाले, “मीही दिवसाला एक बंडल ओढतो.” वहिनींनी हे ऐकून पदर सावरला आणि दुसरीकडे बघितलं.

वडिलांना किंवा भावाला हा आजार असला की आपला धोका साधारण दुप्पट धरतात. त्यात एका घरात ओढल्या जाणाऱ्या बिड्यांचाही वाटा असतो. म्हणून थुंकीच्या तपासणीचे पैसे वाचवा, असं मी स्पष्ट सांगितलं. एनएटी2 मंद निघाला तरी सल्ला बिडी सोडण्याचाच, आणि मंद नाही निघाला तर माणूस निर्धास्त होऊन दुसरं बंडल फोडतो, हे मला जास्त भीतीदायक वाटतं. तंबाखू सोडण्यासाठी सरकारची फुकट फोनसेवा आहे, 1800-11-2356. नंबर कागदाच्या मागे लिहून दिला.

भुसावळकडच्या एका बाईंची गोष्ट वेगळी होती. तंबाखूला कधी हात नाही, वय पंचेचाळीस, कॅन्सर मूत्रवाहिनीत. आईला गर्भाशयाचा, मामाला चाळिशीत आतड्याचा. तिथे मी उलट घाई केली. आधी तपासणी रुग्णाचीच करायची: काढलेल्या गाठीचा मेणात जपलेला तुकडा, म्हणजे ब्लॉक, लॅबमध्ये ठेवलेला असतो, त्यावर लिंचच्या त्या चार जीनपासून बनणाऱ्या प्रथिनांची चाचणी होते, मग रक्ताची. म्हणून ब्लॉक जपून ठेवायला सांगा. बदल सापडला आणि मगच भावंडांची तपासणी झाली. एका भावात तो आहे. त्याची आता एक-दोन वर्षांनी आतड्याची दुर्बीण होते. बहिणीत नाही, आणि तिच्या मुलांचाही प्रश्न तिथेच मिटला.

निघताना वहिनींनी लग्नाचं विचारलंच. पाहुण्यांनी विचारलं तर खरं तेच सांगा, म्हटलं: आबांना बिडीने आजार झाला, इलाज चालू आहे, नातीत तो उतरलाय असं म्हणायला काही आधार नाही. पुढच्या खेपेला आबांना दुर्बिणीसाठी आणताना धाकट्या भावालाही घेऊन येतो, असं भाऊ म्हणाले. तोही ओढतो.