वडिलांची मोटारसायकल, आता तीन चाकांवर

प्रश्न : अपघातात डावा पाय गुडघ्याखाली गमावलेल्या माझ्या वडिलांना तीनचाकी मोटारसायकल चालवायची आहे. मी कशी मदत करावी?

उत्तर : डॉक्टरांची संमती मिळाल्यावर हाताने बदलता येणारा किंवा स्वयंचलित गिअर असलेले वाहन निवडावे आणि केलेले बदल परवाना व नोंदणीत अधिकृतपणे नोंदवून घ्यावेत. खरी कसोटी वळणावर लागते. दुचाकी वळताना आत झुकते. बहुतेक तीनचाकी मोटारसायकली झुकत नाहीत, त्यामुळे वेग जास्त असल्यास आतले चाक उचलले जाऊ शकते, आणि वेगात हँडल क्षणभर उलट दिशेला ढकलून वळण्याची अंगवळणी पडलेली सवय येथे वाहनाला भलत्याच दिशेला नेते. म्हणूनच जुन्या, सराईत चालकाला हे नवशिक्यापेक्षा अवघड जाते, असे मला वाटते. मोकळ्या मैदानात वळणाआधीच वेग कमी करण्याचा सराव त्यांना सावकाश करू द्यावा. सूचना मात्र प्रशिक्षकाने द्याव्यात, मुलाने नव्हे.