गिटारच्या ‘टोन’ला मराठीत काय म्हणावे?

एका वाचकाने विचारले आहे : “ऐंशीच्या दशकातील ग्लॅम मेटल या रॉक प्रकारातल्या दुर्लक्षित अल्बमांवर मी मराठीत लिहीत आहे. या बँडांच्या केसांवर आणि कपड्यांवर पुष्कळ लिहून झाले. माझा रोख गिटारवादनावर आहे. तिथे दर दुसऱ्या वाक्यात ‘टोन’ येतो. त्यासाठी ‘सूर’, ‘नाद’, ‘ध्वनिगुण’ आणि ‘जवारी’ असे चार पर्याय मला सुचवण्यात आले. यांपैकी कोणता वापरावा?”

माझ्या मते चारांपैकी एकही सरसकट चालणार नाही. नामापुरता ‘टोन’च ठेवावा आणि त्या टोनचे वर्णन मात्र आपल्याकडे आधीपासून रुळलेल्या शब्दांनी करावे.

‘सूर’ तर ताबडतोब बाद करावा. ‘सूर लागला’, ‘सूर उतरला’ असे आपण म्हणतो तेव्हा बोलणे उंची-नीचतेबद्दल असते. दोन वादकांनी दोन गिटारींवर एकच षड्ज वाजवला, तर सूर एकच असतो आणि टोन वेगळा असतो. म्हणजे सूर वजा केल्यावर जे उरते, त्यालाच आपल्याला नाव द्यायचे आहे. ‘नाद’ हा शब्द फार ऐसपैस आहे, शिवाय ‘त्याला गिटारचा नाद आहे’ या वाक्याचा अर्थ भलताच होतो. ‘ध्वनिगुण’ पदार्थविज्ञानाच्या पुस्तकात शोभेल, पण संगीतावरच्या लेखात तो दर वेळी खड्यासारखा दाताखाली येईल.

आपल्या संगीतशास्त्राच्या पुस्तकांत नादाचे तीन विशेष सांगितलेले असतात : लहानमोठेपणा, उच्चनीचता आणि जात. यातील ‘नादाची जात’ ही संकल्पना टोनच्या सर्वांत जवळची आहे, कारण मूळ नादाबरोबर कोणते सहायक नाद निघतात आणि ते किती प्रबळ असतात, यावर ती ठरते. शास्त्रदृष्ट्या हा पर्याय निर्दोष आहे. परंतु ‘या गिटारची जात कोणती?’ असे लिहिले की वाचक कंपनीचे नाव सांगेल, नाहीतर भुवया उंचावेल.

‘जवारी’ सुचवणाऱ्याच्या कानाला मात्र दाद द्यावी लागेल. तंबोऱ्याची तार घोडीच्या किंचित गोलाईवर घासत कंप पावते, त्यामुळे सहायक नाद उमलतात आणि एका तारेतून नादांचा झोत निघाल्यासारखे वाटते. व्हॅक्यूम ट्यूबचा ॲम्प्लिफायर मर्यादेपलीकडे चढवला की ध्वनिलहरींचे माथे छाटले जातात आणि त्यातूनही नवे सहायक नाद जन्मतात; त्यालाच आपण डिस्टॉर्शन म्हणतो. साम्य आहे ते इथपर्यंतच. डिस्टॉर्शनमध्ये दोन सूर एकत्र गेले की ते एकमेकांत मिसळून, मुळात न वाजवलेलेही सूर निर्माण करतात. षड्ज आणि पंचम यांचे प्रमाण दोनास तीन असल्यामुळे त्यांच्यातील फरक नेमका खालच्या सप्तकातील षड्जावर पडतो आणि आवाज भक्कम होतो. षड्जासोबत गंधार घेतला, तर तोच ॲम्प्लिफायर गुरगुरू लागतो. रॉकमधील पॉवर कॉर्डमध्ये, म्हणजे षड्ज-पंचमाच्या जोडीत, गंधार नसतो, त्यामागे हे मोठे कारण आहे. जवारी प्रत्येक तारेपुरती असते, तिच्यात हा प्रकार घडत नाही. म्हणून टोनसाठी तो शब्द उसना घेतल्यास जाणकारांची दिशाभूल होईल.

मग वर्णनासाठी काय? ‘पोत’. गायकांविषयी लिहिताना ‘आवाजाचा पोत’ ही शब्दयोजना मराठीत इतकी मुरली आहे, की गिटारला ती लावताना कुणाला अडखळायला होणार नाही. जाड, भरीव, खरखरीत, धारदार, बोचरा, गोल, कोरडा ही विशेषणे पोताला सहज चिकटतात. त्याच्या जोडीला ‘आस’ घ्यावी. छेडलेला सूर तारेवर जितका वेळ टिकून राहतो, त्याला सतारिये आस म्हणतात, आणि त्यासाठी इंग्रजी शब्दाची गरज मला कधी भासलेली नाही.

हे शब्द प्रत्यक्षात पेलतात का, हे पाहण्यासाठी ब्लू मर्डर या बँडचा १९८९चा पहिला अल्बम घ्या. गिटारवादक जॉन साइक्स हा व्हाइटस्नेकच्या १९८७च्या गाजलेल्या अल्बमचा सहरचनाकार. तो अल्बम बाजारात येण्यापूर्वीच तो बँडबाहेर पडला होता. पुढे बासवादक टोनी फ्रँकलिन आणि ड्रमवादक कार्माइन अपीस यांना सोबत घेऊन, बॉब रॉक या निर्मात्याकडून त्याने हा अल्बम करून घेतला, आणि त्याच्या वाट्याला आधीच्या यशाचा अंशही आला नाही. त्याच्या गिब्सन लेस पॉलचा पोत जाड आहे. पण जाड म्हणजे बोथट नव्हे. ‘व्हॅली ऑफ द किंग्ज’मध्ये संथ, जड कॉर्ड पडतात तेव्हा प्रत्येक आघाताची कड स्वतंत्र ऐकू येते आणि मागे आस भरून राहते. फ्रँकलिनचा बास फ्रेटलेस, म्हणजे पडद्यांविना असल्याने तो सुरावरून सुरावर घसरत जातो, आणि त्या घसरणीवर गिटारची भिंत अधिकच ताठ भासते. साइक्सचा व्हायब्रेटो, म्हणजे सुराला दिलेली थरथर, रुंद आणि जलद आहे. त्याला ‘आंदोलन’ म्हणण्याचा मोह होईल, तो टाळावा. आंदोलन म्हटले की आपल्या कानात दरबारीचा संथ झुलणारा गंधार येतो. इथे ‘कंप’ म्हणणेच योग्य.

त्याच वर्षीचा बॅडलँड्स या बँडचा पहिला अल्बम याच्या अगदी उलट टोकाला आहे, आणि माझ्या लेखी त्या साऱ्या पिढीतील सर्वांत गुणी गिटार याच अल्बमवर आहे. त्यांचा गिटारवादक जेक ई. ली हा गायक ऑझी ऑस्बोर्नच्या १९८३ आणि १९८६च्या अल्बमांवर वाजवलेला वादक. त्या काळी जो तो तारा सैल-ताठ करून सूर हलवणाऱ्या ट्रेमोलो दांडीवर लोंबकळत असताना लीच्या गिटारला ती दांडीच नव्हती. सूर हलवायचा झाल्यास तो डाव्या हाताने नटच्या मागची, म्हणजे खुंट्यांकडची तार दाबत असे. ‘हाय वायर’ ऐकताना लक्षात येते, की डिस्टॉर्शन बेताचे आहे : आघात हलका झाला की आवाज निवळतो, जोराचा झाला की चरचरतो. या पोताला मी ‘खरखरीत पण मोकळा’ म्हणेन. तार बाजूला ओढून सूर चढवण्याच्या त्याच्या पद्धतीला ‘मींड’ म्हणावे की ‘बेंड’? सतारीवरही तार ओढूनच मींड काढतात, तेव्हा क्रिया तीच आहे. मात्र मींडेत दोन सुरांमधला प्रवास ऐकवायचा असतो आणि रॉकमधील बेंडमध्ये बहुधा मुक्कामावर भर असतो. ली जिथे रेंगाळतो तिथे बेधडक मींड लिहावे, एरवी बेंड.

रॅट या बँडचा १९८६चा ‘डान्सिंग अंडरकव्हर’ आधीच्या दोन अल्बमांच्या सावलीत राहिला. त्यासाठी एकच सूचना : गिटारवादक वॉरेन डीमार्टिनीचा पोत ‘धारदार’ आहे, ‘कर्कश’ नाही. ‘बॉडी टॉक’च्या वेगात हा फरक स्वच्छ ऐकू येतो.

आता आपल्या प्रश्नातल्याच एका शब्दाविषयी. ‘दुर्लक्षित’ म्हणजे ज्याच्याकडे कुणाचे लक्ष गेले नाही ते. विंगर या बँडच्या १९९३च्या ‘पुल’ या अल्बमला हा शब्द लागू पडत नाही. एमटीव्हीवरच्या एका व्यंगचित्र मालिकेत ज्याची सतत टिंगल होते, त्या मुलाच्या अंगात विंगरचा टी-शर्ट घातला गेला, आणि बँडकडे लक्ष गेले ते हसण्यासाठी. हा अल्बम ‘उपेक्षित’ म्हणावा, कारण उपेक्षेत जाणूनबुजून पाठ फिरवणे आहे. कीबोर्डवादक पॉल टेलर गेल्यावर तिघांनी तो केला, त्यामुळे कीबोर्डने व्यापलेली बरीच जागा रेब बीचच्या गिटारला मिळाली. त्याच्या वादनासाठी ‘कौशल्य’ हा गुळगुळीत शब्द वापरण्यापेक्षा ‘तयारी’ वापरावा. गवयाची तयारी असते तशीच ती आहे, फरक इतकाच की ‘पुल’वर तो ती उधळत नाही.

व्याकरणाचा एक बारकावा. ‘टोन’ पुल्लिंगी आहे, आणि नियमाने त्याचे सामान्यरूप ‘टोना-’ व्हायला हवे. पण ‘टोनाचा’ म्हटले की जादूटोणा आठवतो. बोलण्यात ‘फोनचा’, ‘टोनचा’ हीच रूपे रूढ आहेत, तीच लिहावीत. ‘बोलण्याचा टोन’ या अर्थाशी गल्लत होईल अशी शंका असेल, तर लेखात पहिल्यांदा ‘गिटारचा टोन’ असे पूर्ण लिहावे. पुढे नुसता ‘टोन’ पुरेल.