डिशवॉश लिक्विडमध्ये मीठ वाढवल्यावर ते घट्ट व्हायचं सोडून पातळ का झालं?

तुम्ही दिलेलं माप असं: १० किलोत एसएलईएस (मळ काढणारं मुख्य रसायन) पेस्ट (७० टक्के) दीड किलो, सीएपीबी (त्याच्या जोडीचं सौम्य, फेस देणारं रसायन) ३०० ग्रॅम, २५० ग्रॅम मिठाला मधासारखं घट्ट, ४०० ग्रॅमला पाण्यासारखं. माल बिघडलेला नाही, मीठ जास्त झालंय.

एसएलईएसचे रेणू पाण्यात गोल पुंजके करून राहतात. त्यांच्या डोक्यांवर, म्हणजे पाण्याकडच्या टोकांवर, ऋणभार असल्यानं ती एकमेकांना ढकलतात. मिठातला सोडियम हे ढकलणं कमी करतो, रेणू दाटीनं बसतात आणि पुंजका लांबत लांबत दोऱ्यासारखा होतो. दोरे एकमेकांत गुंतले की लिक्विड घट्ट. त्यापुढे मीठ गेलं की दोऱ्यांना फाटे फुटतात. हे सांधे दोऱ्यावरून सरकतात, त्यामुळे गुंता ताण धरत नाही आणि धार लागते. आणखी मीठ घातलंत तर गढूळ होऊन थर सुटतील.

खात्री करायची असेल तर १०० ग्रॅम माल घेऊन त्यात २-३ मिली पाणी ढवळा. घट्ट झाला, तर मीठच जास्त आहे. पण सगळी बॅच पाण्यानं सुधारू नका, साबणाचं प्रमाण उतरतं. त्याच मापाचा ६ किलो बिनमिठाचा बेस करून मिसळा: ४०० ग्रॅम मीठ १६ किलोत गेलं की अडीच टक्क्यांवर येतं.

पुढच्या वेळी आधी चाचणी घ्या. बेसमध्ये रंग आणि सुगंध घालूनच (सुगंधानं घट्टपणा चांगलाच हलतो, हे बरेच जण विसरतात) १००-१०० ग्रॅमचे सहा ग्लास भरा. २० टक्के मिठाचं पाणी करून ग्लासांत अनुक्रमे ५, ७.५, १०, १२.५, १५, १७.५ मिली घाला, म्हणजे साधारण १ ते ३ टक्के मीठ. फेस बसू द्या, सगळे ग्लास एकाच तापमानाला येऊ द्या, मग एकाच फनेलमधून गळायला किती सेकंद लागतात ते लिहा. सर्वाधिक सेकंदांच्या थोडं अलीकडेच थांबा. शिखरावर माल ठेवला तर वजनात जरा चूक झाली तरी घसरगुंडी.

कोरडं मीठ थेट टाकू नका, जिथे पडतं तिथे गाठी होतात. सीएपीबीत मुळातच ५ टक्क्यांच्या आसपास मीठ असतं, त्यामुळे पुरवठादार बदलला की चाचणी पुन्हा. आणि गरम बॅचचा घट्टपणा बघून मीठ वाढवू नका; गरम असताना ती पातळच दिसते, थंड झाली की घट्ट होते.