लातूरला शिकणाऱ्या भावाला दाखवायचं कुणाला?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: भाऊ लातूरला नीटची तयारी करतोय, रिपीटर आहे. टेस्टच्या आदल्या रात्री झोपत नाही, पेपर हातात आला की हात थरथरतात, दोनदा तर अर्धा पेपर सोडून बाहेर आला. क्लासवाले म्हणतात काउन्सेलरकडे न्या, मामा म्हणतात मानसोपचारतज्ज्ञाकडे, रूममेट म्हणतो थेरपिस्टकडे. हे तिघं वेगवेगळे असतात का?

असतात. मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे आणि लातुरातच काम करते, त्यामुळं ट्यूशन एरियातली लेकरं रोज बघते.

मामा म्हणतात तो सायकियाट्रिस्ट, म्हणजे आधी डॉक्टर: एमबीबीएस आणि त्यावर तीन वर्षांचं एमडी. आमच्यापैकी औषध लिहिणारा तोच. पण त्याच्याकडं गेलं की गोळ्या सुरूच होतात, ही समजूत काढून टाका. छातीत धडधड, हाताला थरथर, झोप उडणं हे सगळं थायरॉइडचं हार्मोन जास्त झाल्यानंही होतं. रात्री जागायला कपामागून कप कॉफी मारणाऱ्या पोरांचंही होतं. हे तपासायला डॉक्टरच लागतो. सरकारी ओपीडीत रांग पार दाराबाहेर असते, एकेकाला मोजकी मिनिटं मिळतात, आणि लोक बाहेर येऊन म्हणतात, "नीट ऐकूनच घेतलं नाही." तक्रार खरी आहे. पण तेवढ्या वेळात आजार ओळखणं आणि औषध ठरवणं एवढंच होऊ शकतं. बसून ऐकायचं काम बहुतेक वेळा पुढं आमच्याकडं येतं.

आता रूममेटचा थेरपिस्ट. आपल्याकडं सायकोथेरपिस्ट म्हणून वेगळी सरकारी नोंदणी नाही. सायकियाट्रिस्ट थेरपी करू शकतो, मीही करते, प्रशिक्षण घेतलेला सोशल वर्करही करतो. आणि काहीच न शिकलेला माणूसही तशी पाटी लावून बसू शकतो, गोची तिथं आहे. म्हणून पाटीवर जाऊ नका, शिक्षण विचारा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असेल तर मानसशास्त्रात एमए किंवा एमएस्सी, त्यावर सहसा दोन वर्षांचं एमफिल, आणि भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक. खरा असेल तो क्रमांक विचारल्यावर रागावणार नाही.

खोलीत नेमकं काय चालतं ते सांगते, कारण बहुतेकांना वाटतं आम्ही समजूत काढतो. तुमच्या भावासारखा मुलगा आला की मी विचारते, कालच्या टेस्टला धडधड नेमकी कधी सुरू झाली? "ओएमआर शीट वाटायलते तेव्हा." त्या क्षणी मनात काय आलं? यावर बराच वेळ काही नाही. मग, "काही नाही मॅडम, जीव घाबरा व्हायलता." पुन्हा विचारायचं. मग हळूच निघतं: यंदाही गेलं तर पप्पाला काय तोंड दाखवू. ते वाक्य तो स्वतःच्या हातानं वहीत लिहितो. त्याच्याखाली, मग शरीराला काय झालं. त्याच्याखाली, मग तू काय केलंस. "उठून बाहेर आलो." बाहेर आल्यावर बरं वाटलं? "एकदम." तिथंच मेख असते. पळाल्यावर बरं वाटतं, म्हणून पुढच्या टेस्टला पळावंसं जास्त वाटतं आणि भीती पक्की होते.

म्हणून नुसतं बोलून भागत नाही. आधी माझ्यासमोर घड्याळ लावून छोटा पेपर. हात थरथरले तरी उठायचं नाही, थरथर आपोआप उतरते हे त्यानं स्वतः बघायचं. मग रूमवर पूर्ण पेपर, मग क्लासमध्ये. मधल्या दिवसांचा गृहपाठ असतो आणि तो केला नाही तर गाडी पुढं सरकत नाही. याला कॉग्निटिव्ह बिहेविअर थेरपी म्हणतात. अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ ॲरन बेक यांनी 1960 च्या दशकात तिचा पाया घातला. आठवड्याला एकदा, पाऊण तास ते तासभर, आणि साधारण दोन-तीन महिने. "टेन्शन घेऊ नको" हे सांगायला घरचे पुरेसे असतात, त्यासाठी फी कशाला द्यायची!

क्लासचा काउन्सेलर? कुणी एमएसडब्ल्यू (समाजकार्याची पदवी) किंवा एमए झालेला, चांगला असतो. कुणी दोन दिवसांचं शिबिर करून आलेले सर असतात. वेळापत्रक, घरची आठवण, रूममेटशी भांडण यासाठी ठीक. पण पेपर सोडून बाहेर येण्यापर्यंत गेलेल्या मुलाला "हे माझ्या आवाक्यातलं नाही" म्हणून पुढं पाठवतो तोच खरा.

तुमच्या जागी मी असते तर आधी एकदा सायकियाट्रिस्टला दाखवून तपासण्या करून घेतल्या असत्या, मग थेरपी. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचार विभाग आहे, तिथं जा. डॉक्टरांनी औषध दिलंच तर या त्रासावरच्या बऱ्याच गोळ्यांना गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, त्यामुळं चार दिवसांत "फरक नाही" म्हणून बंद करू नका. आणि रूममेटच्या चिठ्ठीवर झोपेची गोळी अजिबात नको, तिची सवय लागते.

तो जगण्याचा कंटाळा आलाय, मरावंसं वाटतंय असं बोलला असेल तर मात्र हा क्रम विसरा. त्याला एकटं ठेवू नका, त्याच दिवशी दवाखान्यात न्या. 14416 हा टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा सरकारी नंबर चोवीस तास चालू असतो, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.

पहिल्या भेटीला जाताना चालू असलेल्या गोळ्यांची पाकिटं आणि जुने रिपोर्ट सोबत घ्या. झोप किती, चहा-कॉफी किती, हे त्याला आठवडाभर लिहायला सांगा. अठरा पूर्ण नसतील तर आई किंवा वडील सोबत लागतील. वडील "लेकराला काय वेड लागलंय का" म्हणत असतील तर त्यांनाच आणा. त्यांच्याशी आमच्यापैकी कुणीतरी बोलेल, पण थोडा वेळ त्यांना बाहेर बसायला सांगू, तेव्हा त्यांनी वाईट वाटून घेऊ नये.