ऑइल शेल आणि ऑइल सँड्सवर शंभर वर्षं संशोधन होऊन हाती काय लागलं?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. कॅनडा-अमेरिकेत वाळूत आणि दगडात एवढं तेल असताना ते सगळं बाहेर का येत नाही, आणि एमएस्सी जिऑलॉजीनंतर या विषयात पीएचडी करण्यात अर्थ आहे का. मुंबईत केमिकल इंजिनिअरिंग केल्यानंतर मी कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतात आले आणि तेव्हापासून ऑइल सँड्सच्या प्रयोगशाळेतच काम करते आहे, त्यामुळे वाळूबद्दल अधिकाराने बोलते. शेलबद्दल बोलते ती अभ्यासातून.

ही दोन नावं कायम जोडीने येतात, पण दोन्हींचं दुखणं वेगळं आहे. ऑइल सँड्समध्ये तेल खरोखर असतं. ते डांबरासारखं घट्ट असतं, त्याला बिट्युमेन म्हणतात, ते आपणहून वाहत नाही, एवढंच. ऑइल शेलमध्ये मात्र तेल नसतंच. त्यात असतं केरोजेन, म्हणजे जुन्या तळ्यांतल्या शेवाळाचा दगडात अडकून राहिलेला घन सेंद्रिय भाग. जमिनीखाली पुरेशी उष्णता मिळाली असती तर लाखो वर्षांनी त्याचं तेल झालं असतं. तेवढी मिळाली नाही. म्हणजे निसर्गाचं राहिलेलं काम माणसाने भट्टीत करायचं. (टेक्सास-नॉर्थ डकोटात फ्रॅकिंग करून, म्हणजे दाबाने पाणी सोडून खडकाला भेगा पाडून काढतात ते तेल यापेक्षा निराळं. ते आधीच तयार झालेलं असतं, घट्ट खडकात अडकलेलं.)

आधी वाळू. खाणीतला नमुना आला की आम्ही तो डीन-स्टार्क उपकरणात लावतो. नमुना एका जाड कागदी नळकांड्यात भरायचा, खाली टोल्युइन हे द्रावक उकळत ठेवायचं. टोल्युइनची वाफ वर जाऊन थंड होते, नमुन्यावर ठिबकते आणि बिट्युमेन धुऊन खाली नेते. नमुन्यातलं पाणी बाजूच्या खुणांच्या नळीत जमा होतं. काही तासांनी काळाकुट्ट, हाताला चिकटणारा तो गोळा संपलेला असतो आणि नळकांड्यात स्वच्छ, भुरभुरीत, पांढुरकी वाळू उरते. चांगल्या नमुन्यात वजनाने १० ते १२ टक्के बिट्युमेन निघतं. म्हणजे एक पिंप तेलासाठी साधारण दोन टन वाळू उपसायची.

पण कारखान्यात टोल्युइन परवडत नाही. तिथे कामी येतं गरम पाणी, आणि ते शोधण्याचं श्रेय मुख्यतः संशोधक कार्ल क्लार्क यांना जातं. १९२० च्या दशकात अल्बर्टा विद्यापीठाच्या पॉवर प्लांटच्या तळघरात त्यांनी वाळू, गरम पाणी आणि थोडा अल्कली एकत्र घुसळून पाहिलं. बिट्युमेन कणांपासून सुटतं, हवेच्या बुडबुड्यांना चिकटतं आणि फेस होऊन वर येतं. वाळू तळाशी बसते. आजही मूळ पद्धत हीच आहे, फक्त पाणी कमी गरम लागतं आणि बरंचसं सुटण्याचं काम पाइपलाइनमधून वाहतानाच होतं. या पद्धतीवरचा पहिला मोठा कारखाना फोर्ट मॅकमरेजवळ सुरू झाला १९६७ साली. क्लार्क त्याच्या काही महिने आधी, डिसेंबर १९६६ मध्ये वारले. चाळीसेक वर्षं सरकारी पैशावर, कुठलाही नफा समोर नसताना हे काम तग धरून राहिलं, याचं मला फार मोल वाटतं.

खाण खणून काढता येतो तो भाग एकूण साठ्याच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास. बाकीचा खोल आहे. त्यासाठी इंजिनिअर रॉजर बटलर यांची कल्पना कामाला आली: साधारण पाच मीटर अंतराने एकाखाली एक अशा दोन आडव्या विहिरी घ्यायच्या, वरच्या विहिरीतून वाफ सोडायची, पातळ झालेलं बिट्युमेन खालच्या विहिरीत उतरतं. खासगी कंपन्या एवढा धोका पत्करायला कचरत होत्या, तेव्हा १९७४ मध्ये स्थापन झालेल्या अल्बर्टा सरकारच्या संशोधन संस्थेने पुढाकार घेतला. तेलवाळूच्या खालच्या चुनखडकापर्यंत उभे बोगदे खणले, तिथे भुयारं काढली आणि खालून वर तिरप्या विहिरी नेऊन १९८७ पासून चाचण्या केल्या. आज अल्बर्टातलं निम्म्याहून जास्त बिट्युमेन वाळू न उपसता, जागच्या जागी काढलं जातं. एकूण उत्पादन दिवसाला ३० लाख पिंपांच्या वर आहे.

शेलच्या बाबतीत हे झालं नाही, आणि माझ्या मते ते होण्यासारखंही नव्हतं. कोलोराडो, युटा, वायोमिंगच्या ग्रीन रिव्हर खडकांत चार लाख कोटी पिंपांहून जास्त तेलाइतकं केरोजेन आहे, पण ते मिळवायला भट्टीत दगड ५०० अंशांच्या आसपास तापवावा लागतो. तापवलेला चुरा फुगतो, निघालेल्या खड्ड्यात पुन्हा मावत नाही. तेलाचे भाव कोसळू लागताच २ मे १९८२ रोजी एक्सॉन या तेल कंपनीने कोलोराडोतला प्रकल्प बंद केला, दोन हजारांहून जास्त माणसं एका दिवसात बेरोजगार झाली. नंतर शेल (Shell) या तेल कंपनीने दगड जमिनीतच विजेच्या हीटरने वर्षानुवर्षं तापवायचा आणि भूजल वाचवायला भोवती बर्फाची भिंत गोठवायची, असा प्रयोग केला. अभियांत्रिकी म्हणून तो थक्क करणारा होता, तरी २०१३ मध्ये त्यांनी कोलोराडो सोडलं. एस्टोनियात मात्र शेल थेट जाळून दशकानुदशकं वीज केली. तिथल्या खाणपट्ट्यात राखेचे डोंगर उभे आहेत.

आता पीएचडीचं. ‘तेल कसं काढायचं’ हा प्रश्न घेऊन येऊ नका, त्याचं बरंचसं उत्तर मिळालेलं आहे. न सुटलेला प्रश्न आहे टेलिंग्जचा. फेस काढून घेतल्यावर उरलेल्या पाण्यात चिकणमातीचे इतके बारीक कण तरंगतात की दशकं गेली तरी ते खाली बसत नाहीत, दह्यासारखे अर्धवट घट्ट होऊन राहतात. २००८ मध्ये अशाच एका तळ्यावर उतरलेली १,६०० बदकं बिट्युमेनमध्ये माखून मेली. अथाबास्का नदीच्या खालच्या अंगाला फोर्ट चिपेवायनचे आदिवासी राहतात, या पाण्याची भीती त्यांना रोज बाळगावी लागते. तळी वाढत राहिली आणि उपाय मागे पडला, ही या संशोधनाची सगळ्यात मोठी चूक आहे असं मी स्पष्ट म्हणेन. दुसरा विषय वाफेचा. एक पिंप बिट्युमेनमागे सुमारे तीन पिंप पाण्याची वाफ लागते, ती नैसर्गिक वायू जाळून करतात. वाफेत सॉल्व्हंट (द्रावक) मिसळून वाफ कमी करण्यावर सध्या चांगलं काम चालू आहे.

आसामात कोळशाच्या थरांसोबत ऑइल शेल सापडतं, त्यामुळे तुमचे मार्गदर्शक तो विषय सुचवतील. नकाशा करणं, केरोजेन मोजणं यासाठी जरूर घ्या, पण त्यातून देशाची आयात कमी होईल या भरवशावर घेऊ नका.

मला विचाराल तर चिकणमाती घ्या. जिऑलॉजीवाल्यांना खनिजं ओळखता येतात, आम्हा केमिकलवाल्यांना ते अंग कमी. अर्ज करण्याआधी नमुन्यातली चिकणमाती मोजणारी मेथिलीन ब्लूची चाचणी हाताने करायला शिका. मातीच्या द्रावणात निळा रंग थोडाथोडा घालत जायचा, दर वेळी एक थेंब फिल्टर पेपरवर टाकायचा आणि डागाभोवती फिकट निळं वलय उमटलं की थांबायचं. सिव्हिलच्या माती प्रयोगशाळेत सहसा हे साहित्य असतं, आणि आमच्याकडे मुलाखतीत यावर हमखास प्रश्न येतो.