भुकेचे प्रश्न विचारण्याआधी

प्रिय,

घराघरांतली भूक मोजणारी प्रश्नावली हातात पडल्यावर 'एवढे आठच प्रश्न?' असं तुला वाटलं, हे तू मोकळेपणाने कळवलंस ते बरं केलंस. या प्रश्नांचं मूळ मात्र जुनं आहे. १९८०च्या दशकाच्या अखेरीस कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी भूक सोसलेल्या बायकांनाच बोलतं केलं. त्यांच्या सांगण्यातून एक क्रम पुढे आला. आधी पुरेल की नाही याची काळजी, मग ताटातलं वैविध्य जातं, मग घास कमी होतात. मुलांच्या ताटाला हात सगळ्यांत शेवटी लागतो. अमेरिकेत १९९५ पासून आणि ब्राझीलमध्ये २००४ साली याच धर्तीचे प्रश्न राष्ट्रीय सर्वेक्षणांत आले. २०१४ पासून एफएओने, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेने, आठ प्रश्नांची मोजपट्टी जगभर नेली आणि आता संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांमधला अन्न-असुरक्षितता मोजणारा २.१.२ हा निर्देशक तिच्यावरच उभा आहे.

तू अनुवाद तपासणार आहेस, म्हणून एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगेन. प्रत्येक प्रश्नात 'पैसे किंवा इतर साधनं नसल्यामुळे' हे शब्द असतात. ऐकायला ते कंटाळवाणे वाटतात, आणि प्रगणक तिसऱ्या घरापासून ते गिळायला लागतात. मी उमेदवारी करत असताना एका सर्वेक्षणात ते शब्द छपाईतच गळले होते आणि तपासणी माझ्याकडे होती. उपास करणारे, आजारपणात जेवण टाकलेले, वजन उतरवणारे, सगळे 'हो' म्हणाले. त्या 'हो'मधून खरी भूक वेगळी काढायला नंतर काहीच मार्ग उरला नाही. मला ते अजून बोचतं.

दुसरं, घर बघून प्रश्न गाळू देऊ नकोस. 'यांना काय विचारायचं, खाऊनपिऊन सुखी दिसतात' असं म्हणून प्रगणक स्वतःच 'नाही' भरतो. न विचारलेला प्रश्न आणि मिळालेला नकार कागदावर सारखेच दिसतात, ही यातली सगळ्यांत वाईट गोष्ट. उत्तर देणाऱ्या बाईभोवती घरची माणसं बसली असतील तरी तेच होतं. मुलांदेखत कोणती आई सांगेल की ती काल उपाशी झोपली? शक्य तिथे एकांत माग, आणि घाई असेल तर पुन्हा जा.

राश मॉडेलची, म्हणजे या उत्तरांवरून भुकेची तीव्रता काढायच्या संख्याशास्त्रीय पद्धतीची, धास्ती घेऊ नकोस. आठही उत्तरं मिळाली असतील तर एकूण 'हो' किती, यावर तीव्रता ठरते. एखादा प्रश्न बाकीच्यांशी जुळत नसेल, तर आकडेमोडीआधी त्याचा अनुवाद पुन्हा वाच. बहुतेक वेळा दोष तिथेच सापडतो.

आणि अहवाल लिहिताना स्पष्ट लिही की हे घरात राहणाऱ्यांचं मोजमाप आहे. रस्त्यावर झोपणारा माणूस घरांच्या यादीतच नसतो, त्यामुळे तो नमुन्यातही येत नाही.

आठवा प्रश्न पूर्ण दिवस न जेवता काढण्याबद्दलचा आहे. त्याला 'हो' आलं की काही जणींना बोलायचं असतं, काहींना रडू येतं. प्रगणकांना तिथे थांबायला शिकव, आणि रोजची घरं ठरवतानाच तेवढा वेळ धरून ठेव.

तुझ्या पहिल्या चाचणी फेरीची उत्तरं आली की मला दाखव. आपण मिळून बघू.